सहा लाखांचं शैक्षणिक कर्ज शेवटी कितीला पडतं?

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांसाठी दरवर्षी दीड लाख, असं एकूण सहा लाखांचं कर्ज तीन विद्यार्थ्यांनी घेतलं. व्याजदर तिघांचाही दहा टक्के आणि परतफेड दहा वर्षांची. शेवटचा हप्ता भरून होईल तेव्हा पहिल्याच्या घरातून साडेनऊ लाख गेलेले असतील, दुसऱ्याच्या सुमारे पावणेबारा ते बारा लाख आणि तिसऱ्याच्या जवळपास तेरा लाख. बँक, दर आणि मुदत सारखी असताना पडणारा हा फरक वडिलांच्या उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आकडा, कॉलेजचं नाव कोणत्या यादीत आहे आणि बँकेच्या शाखेने एक अर्ज वेळेवर पुढे पाठवला की नाही, यावरून ठरतो. कर्ज घेणाऱ्या घराला यातलं फार थोडं आधी सांगितलं जातं. म्हणून आधी हिशोब मांडतो, मग धोरणाबद्दल बोलतो.

आधी हिशोब

शिक्षण चालू असताना आणि ते संपल्यावर पुढचं एक वर्ष हप्ता नसतो. बँकेत याला मोरॅटोरियम म्हणतात. हप्ता नसला तरी व्याज चालूच असतं. ते सरळव्याजाने मोजलं जातं आणि हप्ते सुरू होताना मुद्दलात मिळवलं जातं. पहिल्या वर्षीच्या दीड लाखावर पाच वर्षांचं व्याज पंचाहत्तर हजार, दुसऱ्या वर्षीच्यावर साठ, तिसऱ्यावर पंचेचाळीस आणि चौथ्यावर तीस हजार. एकूण 2 लाख 10 हजार. म्हणजे मुलाच्या हातात पदवी येऊन वर्ष झालं की त्याच्या नावावर सहा नव्हे, आठ लाख दहा हजार रुपये असतात.

या रकमेचा दहा वर्षांचा हप्ता महिना सुमारे 10,700 रुपये बसतो आणि एकूण भरणा होतो 12 लाख 85 हजार. मुदत पंधरा वर्षांची केली तर हप्ता 8,700 वर येतो, पण एकूण भरणा 15 लाख 67 हजारांवर जातो. सात वर्षांत फेडायचं तर हप्ता साडेतेरा हजारांच्या आसपास आणि भरणा 11 लाख 30 हजार. शाखेत बसलेला अधिकारी बहुतेक वेळा पंधरा वर्षांचा छोटा हप्ता पुढे करतो आणि आपल्यालाही तो बरा वाटतो. दहा आणि पंधरा वर्षांतला फरक पावणेतीन लाखांहून जास्त आहे, हे त्या टेबलावर कुणी बोलत नाही. माझा सल्ला असा की मुदत पंधरा वर्षांचीच घ्यावी, कारण नोकरी कशी लागेल ते माहीत नसतं. मात्र पगार वाढला की जादा रक्कम भरत जावी. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे, त्यामुळे लवकर फेडण्याचा वेगळा खर्च येत नाही.

घरात जमत असेल तर शिक्षण चालू असतानाच व्याज भरत राहावं. पहिल्या वर्षी महिना 1,250, दुसऱ्या वर्षी 2,500, तिसऱ्या वर्षी 3,750 आणि पुढची दोन वर्षं पाच हजार. असं केलं तर एकूण भरणा 11 लाख 61 हजारांवर थांबतो, म्हणजे सव्वा लाखाच्या जवळपास वाचतात. या काळात नियमित व्याज भरणाऱ्याला व्याजदरात एक टक्क्यापर्यंत सवलत देण्याची तरतूद भारतीय बँक संघाच्या शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेत आहे. ती मागावी लागते. मुलींना अनेक सरकारी बँका अर्धा टक्का सवलत देतात. ऐकायला किरकोळ वाटतं, पण वरच्याच कर्जावर ती 43 हजार रुपयांची होते.

कर्जाच्या अर्जाआधी फीचा कागद

कर्ज किती घ्यायचं हे कॉलेजच्या माहितीपुस्तिकेवरून ठरवू नका. महाराष्ट्रातल्या खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांची फी 2015 च्या कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं आणि प्रत्येक कॉलेजची मंजूर फी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असते. तो कागद छापून घ्या आणि कॉलेजने दिलेल्या फीपत्रकाशेजारी ठेवा. मंजूर फीपेक्षा जास्त मागणी असेल तर लेखी तक्रार करा. चार वर्षं दरसाल वीस हजार जास्त गेले तर ते ऐंशी हजार कर्जातूनच जातात आणि त्यांच्यावर व्याजाची आणखी नव्वद हजारांहून जास्त भर पडते.

मग सवलती. मध्यवर्ती प्रवेशफेरीतून, म्हणजे कॅप राउंडमधून, प्रवेश घेतला असेल आणि कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून खुल्या प्रवर्गातल्या मुलांना निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गातल्या मुलींना 2024-25 पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला आणि अभिमत किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना ही माफी लागू नाही. विकास शुल्क, वसतिगृह आणि खानावळ हेही घरच्यांनाच बघावं लागतं. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, फ्रीशिप आणि वसतिगृहात जागा न मिळाल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरात स्वाधारमधून वर्षाला साठ हजार मिळतात. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् आणि इतर मागासवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना याच धर्तीवर आहेत.

कागदावर ही यादी भरघोस दिसते. पण पैसे येतात कधी? महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अर्ज भरायचा, कॉलेजने तो तपासून पुढे पाठवायचा, जिल्हा कार्यालयाने मंजूर करायचा आणि मग हप्ता जमा व्हायचा. यात एक शैक्षणिक वर्ष संपून दुसरं सुरू होतं. कॉलेज मधल्या काळात थांबत नाही. शिष्यवृत्तीला पात्र मुलांकडून आधी फी घेऊ नका, अशी सूचना सरकार वारंवार काढतं, तरी प्रवेशाच्या खिडकीवर पूर्ण फी मागितली जाते. त्या वेळी घरात पैसा नसतो, बँकेचं कर्ज मंजूर व्हायचं असतं आणि आई-बाप सावकाराकडे जातात. महिन्याला शेकडा तीन म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. एक लाख तीन महिने वापरले तर नऊ हजार व्याजाचे. महाराष्ट्राच्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला 9 आणि बिनतारणी कर्जावर 12 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. शिष्यवृत्तीचा पैसा सरकारने जूनमध्ये कॉलेजच्या खात्यात टाकला असता तर हे नऊ हजार वाचले असते. योजनेचं नाव कितीही मोठं ठेवलं, पैसा उशिरा आला की तिचा भुर्दंड गरिबालाच भरावा लागतो. सधन घराला हा खर्च येतच नाही.

साडेचार लाखांची रेघ

आता मूळ मुद्दा. केंद्र सरकारची व्याज अनुदान योजना 2009-10 पासून आहे. कुटुंबाचं वार्षिक एकूण उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल, अभ्यासक्रम व्यावसायिक किंवा तांत्रिक असेल आणि संस्था नॅक किंवा अभ्यासक्रम एनबीए मानांकित असेल, तर मोरॅटोरियमच्या काळातलं संपूर्ण व्याज सरकार भरतं. कर्जाची मर्यादा दहा लाख. वरच्या उदाहरणातले 2 लाख 10 हजार सरकारने भरले की हप्ते सहा लाखांवरच सुरू होतात, महिना 7,930 रुपये, आणि एकूण भरणा साडेनऊ लाख. आपला पहिला विद्यार्थी हाच.

दुसरा विद्यार्थी 6 नोव्हेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेतला. त्याच्या कुटुंबाचं उत्पन्न साडेचार ते आठ लाखांच्या मध्ये आहे आणि त्याचं कॉलेज सरकारने निवडलेल्या (सुरुवातीला 860) संस्थांच्या यादीत आहे. त्याला मोरॅटोरियममध्ये व्याजात तीन टक्के सवलत मिळते, म्हणजे 63 हजार, आणि त्याचा एकूण भरणा 11 लाख 85 हजारांच्या आसपास येतो. तिसऱ्या विद्यार्थ्याच्या घरचं उत्पन्न दुसऱ्याइतकंच आहे, पण त्याचं कॉलेज यादीत नाही. त्याला काहीच मिळत नाही. 12 लाख 85 हजार.

साडेचार लाख हे एकूण उत्पन्न आहे, हातात येणारं नव्हे. एखाद्या कारखान्यातल्या कामगाराची पगाराची चिठ्ठी डोळ्यासमोर आणा. ओव्हरटाइम धरून एकूण पगार 38,000. त्यातून भविष्य निर्वाह निधी, व्यवसाय कर आणि पतपेढीचा हप्ता कापून हातात येतात 31,000. वर्षाचं एकूण उत्पन्न 4 लाख 56 हजार. रेघेच्या वर फक्त सहा हजार. या सहा हजारांपायी त्याच्या मुलीला मोरॅटोरियमचं सगळं व्याज स्वतः भरावं लागतं आणि कर्ज फिटेपर्यंत 3 लाख 33 हजार जास्त मोजावे लागतात. वर्षभर ओव्हरटाइम केला म्हणून मुलीचं कर्ज सव्वातीन लाखांनी महागलं, असा याचा अर्थ होतो. उत्पन्न वाढेल तसं अनुदान पायरीपायरीने कमी करायला काही अवघड गणित लागत नाही. साडेचार लाखांपर्यंत शंभर टक्के, पाचपर्यंत ऐंशी, सहापर्यंत साठ, असं करता येतं. सरकारने तसं केलेलं नाही.

त्याहून वाईट म्हणजे ही मर्यादा 2009 मध्ये ठरली आणि तिथेच राहिली. तेव्हापासून किमती दुपटीहून अधिक वाढल्या, इंजिनिअरिंगची फी त्याच्याही पुढे गेली. इतर मागासवर्गाच्या उन्नत गटाची मर्यादा 2017 मध्ये आठ लाख झाली, आर्थिक दुर्बल घटकांसाठीही आठ लाखच धरले गेले. व्याज अनुदानाची रेघ मात्र कुणी हलवली नाही. मर्यादा न वाढवता योजना चालू ठेवली की दरवर्षी थोडी कुटुंबं आपोआप बाहेर पडतात आणि त्यासाठी कुणाला निर्णयही जाहीर करावा लागत नाही. माझ्या मते ही छुपी कपात आहे आणि तिला कपातच म्हटलं पाहिजे.

बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. करणारी मुलं तर या अनुदानाच्या कक्षेतच नाहीत, घरचं उत्पन्न लाखभर असलं तरी.

विद्यालक्ष्मीबद्दल थोडं सविस्तर. तारण नाही, जामीनदार नाही, साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारची 75 टक्के पतहमी. हे चांगलं आहे. पण यादीतल्या संस्था म्हणजे राष्ट्रीय मानांकनातल्या पहिल्या शंभरांतल्या, राज्य सरकारच्या 101 ते 200 क्रमांकातल्या आणि केंद्र सरकारच्या संस्था. मुंबईच्या आयआयटीत किंवा नागपूरच्या व्हीएनआयटीत शिकणाऱ्याला बँका पूर्वीपासून आनंदाने कर्ज देतात. कर्ज नाकारलं जातं ते तालुक्याच्या गावातल्या कॉलेजमध्ये पहिल्या पिढीतून शिकायला आलेल्याला. नेमका तोच यादीबाहेर आहे. तीन टक्के सवलतही वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांपुरती आणि 2024-25 ते 2030-31 या सात वर्षांसाठी तरतूद 3,600 कोटी. दुसऱ्या कुठल्या सरकारी शिष्यवृत्तीचा लाभ असेल तर ही सवलत नाही, व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश असेल तरी नाही. म्हणून अर्ज करण्याआधी कागदावर दोन्ही बेरजा करा. राज्याची शुल्कमाफी जवळपास नेहमीच या तीन टक्क्यांपेक्षा मोठी निघते.

बँकेच्या टेबलावर

चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा स्पष्ट आदेश आहे. आदर्श योजनेत याच रकमेपर्यंत स्वतःचा हिस्साही भरावा लागत नाही. त्यापुढे देशातल्या शिक्षणासाठी पाच टक्के हिस्सा, म्हणजे सहा लाखांच्या खर्चात तीस हजार आपले. साडेसात लाखांपर्यंत पतहमी योजना असल्याने तिथेही जमीन, घर, ठेवपावती मागण्याचं कारण उरत नाही. तरीही शाखेत सातबारा मागितला जातो. अशा वेळी वाद घालू नका. ‘तारण लागेल असं लेखी द्या’ एवढंच म्हणा. बहुतेक ठिकाणी विषय तिथे संपतो.

‘तुम्ही आमच्या हद्दीतले नाही’ हे दुसरं नेहमीचं उत्तर. सेवाक्षेत्राबाहेरचे म्हणून शैक्षणिक कर्ज नाकारू नका, असं रिझर्व्ह बँकेने 2012 मध्येच बँकांना कळवलं आहे. आदर्श योजनेनुसार अर्जाचा निकाल पंधरा दिवस ते महिनाभरात लागायला हवा आणि नकार द्यायचा तर वरिष्ठ कार्यालयाच्या संमतीने, कारणासह. त्यासाठी अर्जाची नोंद हवी. तोंडी नकाराची नोंद कुठेच होत नाही, म्हणून अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरच भरा आणि नोंदणी क्रमांक जपून ठेवा.

तिसरी अडचण सिबिलची, म्हणजे पतनोंदीची. बाप सहकर्जदार असतो. दुष्काळात त्याचं पीककर्ज थकलेलं असतं आणि त्या थकबाकीवर बोट ठेवून मुलाचं शिक्षण अडवलं जातं. पालकांचा किंवा विद्यार्थ्याचा सिबिल स्कोअर कमी आहे एवढ्यावरून शैक्षणिक कर्ज नाकारता येणार नाही, अशी भूमिका केरळ उच्च न्यायालयाने अशा प्रकरणांत घेतली आहे. तो निकाल महाराष्ट्रातल्या शाखेवर थेट बंधनकारक नसला तरी अर्जासोबत त्याचा उल्लेख जरूर करा. उलट बाजूही लक्षात ठेवा. मुलाचं कर्ज थकलं की बापाचा सिबिल बिघडतो आणि पुढच्या हंगामाचं पीककर्ज अडतं. सहकर्जदार म्हणून सही करण्याआधी हे घरात सगळ्यांना सांगा. वर्षातून एकदा पतअहवाल फुकट मिळतो, तो आधीच काढून बघा.

आता शाखेत दिसणारं एक नेहमीचं दृश्य. एक बाई प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढतात, मंजुरीपत्राच्या प्रत्येक पानावर खुणेच्या ठिकाणी सही करतात. तिसऱ्या पानावर विम्याच्या एकरकमी हप्त्याचे वीस हजार असतात. ते कर्जाच्या रकमेतच धरलेले असल्याने खिशातून काही गेल्यासारखं वाटत नाही. पण त्या वीस हजारांवर पाच वर्षं व्याज चढतं, मग दहा वर्षं हप्ते चालतात आणि शेवटी ते साडेसत्तेचाळीस हजारांना पडतात. विमा घ्यायचा तर बाहेरून, स्वस्तातला, दरवर्षीच्या हप्त्याचा घ्या. बँक सांगेल त्याच कंपनीचा घेण्याची सक्ती नाही.

1 ऑक्टोबर 2024 पासून प्रत्येक किरकोळ कर्जासोबत मुख्य तथ्य विवरणपत्र देणं बँकांना आणि वित्तसंस्थांना बंधनकारक आहे. त्यात सगळे आकार धरून वार्षिक टक्केवारी किती पडते ते दिलेलं असतं. सही करण्याआधी ते पान मागा, घरी न्या, गावातल्या शिक्षकाकडून किंवा शिकलेल्या भाच्याकडून वाचून घ्या. प्रक्रिया शुल्कावर 18 टक्के जीएसटी लागतो. देशातल्या शिक्षणासाठी सरकारी बँका सहसा हे शुल्क घेत नाहीत, खासगी वित्तसंस्था घेतात. त्यांचा दरही साधारण 11 ते 14 टक्के असतो आणि तिथल्या कर्जाला केंद्राचं व्याज अनुदान मिळत नाही. एजंटने ‘दोन दिवसांत मंजूर’ म्हटलं तरी आधी सरकारी बँकेचा लेखी निकाल लागू द्या. मुद्रांकाचा खर्चही धरा. महाराष्ट्रात ज्या दस्तांना पूर्वी शंभर-दोनशे रुपये लागत, त्यांना ऑक्टोबर 2024 पासून पाचशे लागतात. मात्र उत्पन्न, जात, रहिवास अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही, साध्या कागदावर चालतं. तहसीलच्या आवारात कुणी पाचशेचा स्टॅम्प घ्यायला लावला तर घेऊ नका.

व्याज अनुदान आपोआप मिळत नाही, हे सगळ्यांत महत्त्वाचं. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला शाखेत द्यायचा, शाखेने दावा अनुदानाच्या पोर्टलवर चढवायचा आणि नोडल बँक असलेल्या कॅनरा बँकेमार्फत पैसे यायचे, अशी व्यवस्था वर्षानुवर्षे आहे. दाखला फायलीत पडून राहिला आणि दावा गेलाच नाही, तर पात्र असूनही व्याज तुमच्याच नावावर चढतं. हे मुलाला कळतं पाच वर्षांनी, हप्ता अपेक्षेपेक्षा मोठा आला की. म्हणून दाखल्याच्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या आणि दर मार्चनंतर खात्याचा उतारा काढून अनुदान जमा झालं का ते बघा.

हप्ते सुरू झाल्यावर

इंजिनिअर होऊन पुण्यात बावीस हजारांवर सुरुवात करणारी मुलं भरपूर आहेत. कॉटबेसिसवर राहायचे पाच-सहा हजार, मेसचे साडेतीन हजार, बस आणि फोनचे दोन हजार. त्यात 10,700 चा हप्ता घातला की गावाकडे पाठवायला काही उरत नाही. आणि ही नोकरी लागलेल्याची गोष्ट.

नोकरी नसेल तर काय? आदर्श योजनेत बेरोजगारीच्या काळासाठी कर्जाच्या एकूण मुदतीत दोन-तीन वेळा, प्रत्येकी सहा महिन्यांपर्यंत हप्ते थांबवण्याची तरतूद आहे. सुरुवातीला लहान आणि पुढे वाढत जाणारे हप्तेही मागता येतात. यासाठी अर्ज हप्ता चुकण्याआधी करा. नव्वद दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत, ठरतं आणि मग कुणी ऐकून घेत नाही. हप्ते थांबले तरी व्याज चढतच राहतं, हेही ध्यानात असू द्या. हप्ता चुकल्याबद्दल बँक दंड आकारू शकते, पण 2024 पासून तो दंड व्याजदरात मिसळता येत नाही आणि दंडावर व्याज लावता येत नाही. वसुली एजंटला सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. बँकेने तीस दिवसांत तक्रार सोडवली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे.

सरकारची मदत बरोबर इथेच संपते. ती फक्त शिकत असतानाच्या व्याजापुरती आहे. पदवीनंतर पगार किती मिळतो याचा हप्त्याशी काहीही संबंध जोडलेला नाही. ऑस्ट्रेलियाने 1989 पासून फीची परतफेड उत्पन्नाशी बांधली आहे, ठरावीक कमाईच्या खाली असणाऱ्याला हप्ताच नसतो. आपल्याकडे करसवलत आहे, पण ती कुणाला? कलम 80ई खाली आठ वर्षं व्याजाची वजावट मिळते, तीही फक्त जुन्या करप्रणालीत. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे शंभर रुपये व्याजामागे तीस रुपये वाचतात. बावीस हजार पगाराच्या मुलाला मुळात कर लागत नाही, त्यामुळे त्याचा एक रुपयाही वाचत नाही.

‘शैक्षणिक कर्ज बुडतं’ हे पालुपद बँकांच्या तोंडी असतं. सरकारने 2025 मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार सरकारी बँकांतल्या शैक्षणिक कर्जाचं थकीत प्रमाण 2020-21 मधल्या सुमारे 7 टक्क्यांवरून 2024-25 मध्ये सुमारे 2 टक्क्यांवर आलं. याच बँकांनी दहा वर्षांत सगळ्या प्रकारची मिळून बारा लाख कोटींहून अधिक कर्जं निर्लेखित केली, हीही संसदेतलीच माहिती. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुली कागदोपत्री चालू राहते, हे मान्य. पण हप्ता चुकला की विद्यार्थ्याच्या बापाला शाखेत बोलावून जी वागणूक मिळते, ती या मोठ्या खातेदारांना मिळताना कुणी पाहिली आहे का?

हे सगळं एका दिवसात झालेलं नाही. वसंतदादा पाटलांच्या सरकारने 1983 मध्ये विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, गावोगावच्या मुलांना जागा मिळाल्या आणि खर्च पालकांकडे गेला. 2001 मध्ये बँक संघाची आदर्श कर्जयोजना आली. 2017 मध्ये केंद्राने उच्च शिक्षण वित्तपुरवठा संस्था काढली आणि केंद्रीय संस्थांना इमारतींसाठीही कर्ज देणं सुरू केलं. संस्थेला कर्ज फेडायचं असेल तर फीकडे डोळे लागणारच. 2022 मध्ये अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप आणि परदेशी शिक्षणाच्या व्याजाला मदत करणारी पढो परदेश योजना बंद झाल्या. अनुदानाची जागा कर्जाने घेतली आणि कर्जाचा भार ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्यावर सगळ्यांत जास्त पडला.

परदेशासाठी दोन शब्द

परदेशातल्या शिक्षणाला चार लाखांवर पंधरा टक्के हिस्सा आपला आणि मोठ्या कर्जाला तारण जवळपास नक्की. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या कर्जातून पाठवलेल्या रकमेवरचा टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर, 1 एप्रिल 2025 पासून रद्द झाला आहे. एजंटच्या हिशोबात तो धरलेला असेल तर काढायला लावा. रुपया घसरला की दुसऱ्या वर्षाची फी वाढते, त्यासाठी मंजुरीतच थोडी जास्त रक्कम ठेवा.

यंदा बारावीला असलेल्या मुलांच्या पालकांनी उत्पन्नाचा दाखला एप्रिल-मे महिन्यातच काढावा, जूनमध्ये सेतू केंद्रावर रांग लागते आणि कॅपची तारीख कुणासाठी थांबत नाही. दाखला काढताना एकूण उत्पन्न किती धरलं आहे ते तिथेच तपासा. आणि तुमचे खासदार गावात येतील तेव्हा रस्त्याच्या आणि सभामंडपाच्या मागणीसोबत हेही लेखी द्या: व्याज अनुदानाची 2009 ची साडेचार लाखांची मर्यादा किमान आठ लाखांवर न्या आणि तिच्यापुढे एकदम कडेलोट न करता पायऱ्या ठेवा.